बाबा, गोठा गेला!

ख्रिसमसच्या सुट्टीतली सकाळ होती. साल २०२३. बाहेर आपली न्यू जर्सीची नेहमीची हवा, म्हणजे पाऊस पाडावा की बर्फ हे तिचे तिलाच ठरत नव्हते. सौ.ने कांदेपोहे केले होते, मी चहाचा दुसरा कप घेऊन खिडकीशी बसलो होतो, आणि तेवढ्यात बेसमेंटमधून चिरंजिवांची आरोळी आली, "बाबा, गोठा गेला!"

आमच्या घराला गोठा नाही हे सांगायला नकोच. आमच्या टाउनशिपमध्ये साधे कुंपण बदलायचे तर अर्ज करावा लागतो, तिथे गाय कुठली बांधणार! पण गोठा होता. दोन गाईंची दावण, गवताचा माळा, शेणाची पाटी ठेवायचा कोपरा, सगळे होते. फक्त ते होते माइनक्राफ्ट नावाच्या खेळात. आणि तो गोठा गेला तो माझ्यामुळे. आपल्यातल्या पुष्कळ घरांत मुले हा खेळ खेळतात आणि पुष्कळ हौशी आईबाप (बहुधा बापच) त्यांना घरी सर्व्हर लावून देतात. तेव्हा माझी फजिती चारचौघांत सांगितली तर निदान दुसऱ्या कोणाचा गोठा वाचेल, एवढ्याच हेतूने हा लेख.

दोन हात म्हणजे एक ब्लॉक

राजापूरजवळ आमचे चिरेबंदी कौलारू घर होते. वाटण्या झाल्या, राहायला कोणी उरले नाही, भिंतींना ओल धरली, आणि २०१८ साली ते उतरवावे लागले. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्याला थोरल्या भावाकडे असतात. त्यांनी ऐंशी पार केली आहे. घर उतरवले त्या दिवशी ते फारसे काही बोलले नाहीत, आणि नंतरही कधी विषय काढला नाही.

एप्रिल २०२० मध्ये सारे जग घरात कोंडलेले असताना आमचा मुलगा आणि पुण्याचा पुतण्या माइनक्राफ्टमध्ये रोज भेटू लागले. हा खेळ म्हणजे ठोकळ्यांचे जग. ठोकळा उचला, ठोकळा ठेवा, हवे ते बांधा. एक दिवस पुतण्याने सहज विचारले, "आजोबा, गावचं घर कसं होतं हो?" आणि अण्णा बोलायला लागले ते थांबेचनात. ओटी किती, पडवी किती, माजघराचा उंबरा कसा, देवघराचा कोनाडा कुठल्या भिंतीला. मापे सगळी हातात. माइनक्राफ्टचा एक ठोकळा म्हणजे एक मीटर. हात म्हणजे दीड फूट. पोरांनी हिशेब बसवला, दोन हात म्हणजे एक ब्लॉक. आठ-नऊ सेंटिमीटरची तूट पडते, पण अण्णांनी ती "चालेल" म्हणून सोडून दिली.

तेव्हापासून दर रविवारी, आमची सकाळ आणि पुण्याची संध्याकाळ, व्हिडिओवर अण्णा आणि ठोकळ्यांवर ही दोघे भावंडे, असे बांधकाम सुरू झाले. शाळा सुरू झाल्या तशी गती मंदावली, पण काम बंद पडले नाही. खेळात जांभ्याचा चिरा मिळत नाही, मंगलोरी कौले मिळत नाहीत. म्हणून त्यांनी 'मॉड' घातले. मॉड म्हणजे खेळाला बाहेरच्या हौशी मंडळींनी जोडलेली पुरवणी. या मॉडना 'फोर्ज' नावाची जोडणी लागते, आणि मुलांना हवे होते ते मॉड माइनक्राफ्टच्या १.१२.२ या व्हर्जनसाठी लिहिलेले होते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी रामकथा त्याच्यावरून आहे.

डबा, साचा आणि सारण

सर्व्हर आमच्या बेसमेंटमधल्या जुन्या लॅपटॉपवर चालायचा. २०२३च्या हिवाळ्यात त्याचा पंखा घरघरायला लागला, म्हणून मी एक छोटा नवा संगणक घेतला. मी पडलो मेकॅनिकल इंजिनिअर. इथे एम.एस. केले तेही पंप आणि व्हॉल्व्ह यांतच. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरवाल्या मित्राने सांगितले, "सगळं हाताने इन्स्टॉल कशाला करतोस? कंटेनर वापर. दहा मिनिटांत उभा राहील."

कंटेनर हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्याच नेवार्क बंदरातून २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल-एक्स' हे जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले, आणि तिथून मालवाहतुकीचे जगच बदलले. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला देणेघेणे नाही; बाहेरचे माप ठरलेले, की ती ट्रकवर, रेल्वेवर, जहाजावर कुठेही बसते. मार्च २०१३ मध्ये 'डॉकर' नावाचे साधन लोकांपुढे आले. त्याने हीच युक्ती सॉफ्टवेअरसाठी सोपी करून दिली. एखादा प्रोग्रॅम चालायला जे जे लागते ते सारे एका पेटीत भरून ठेवायचे, म्हणजे ती पेटी कुठल्याही संगणकावर उघडता येते.

यात दोन शब्द येतात, इमेज आणि कंटेनर. मोदकाच्या साच्यावरून समजून घ्या. इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे त्यातून काढलेला मोदक. मोदक फुटला तर साच्याचे काही बिघडत नाही, दुसरा काढा. पण सारण? सारण म्हणजे मुलांनी बांधलेले जग, खेळाच्या भाषेत 'वर्ल्ड'. ते साच्यात नसते. ते तुमच्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये असते, आणि कंटेनर सुरू झाला की तो ते फोल्डर उघडून त्यात वाचतो आणि लिहितोही. साचे पाहिजे तितके मिळतात, फुकट मिळतात. सारण एकच असते. ही गोष्ट मला त्या सकाळपर्यंत नीट कळली नव्हती.

माइनक्राफ्टसाठी सर्वांत जास्त वापरात असलेली इमेज 'आयटीझेडजी/माइनक्राफ्ट-सर्व्हर' या नावाची. चांगली आहे, हौसेने आणि कष्टाने सांभाळलेली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती मागवताना नावापुढे एक लेबल लिहावे लागते, त्याला 'टॅग' म्हणतात. जावा८, जावा११, जावा१७ अशी लेबले होती, आणि एक होते 'लेटेस्ट'. मी अर्थातच लेटेस्ट घेतले. दुकानात दूध घेताना मागची बाटली काढणारी आपली जात. नवे ते ताजे, ताजे ते चांगले!

पाटीवरचा 'आज'

किराणा मालाच्या दुकानात एक पाटी असायची, "आज रोख, उद्या उधार". लहानपणी मी खरेच दुसऱ्या दिवशी उधार मागायला गेलो होतो. दुकानदाराने हसून पाटीकडे बोट दाखवले. पाटीवरचा 'आज' रोज पुढे सरकतो, तो कधीच पकडता येत नाही. 'लेटेस्ट' हे लेबल तसलेच आहे. ते व्हर्जनचे नाव नाही, सरकती पाटी आहे. आज त्या लेबलाखाली एक वस्तू असते, सहा महिन्यांनी दुसरी. डिसेंबर २०२३ मध्ये त्याखाली जावा १७ होती. पुढे तिथे जावा २१ आली. लेबल तेच, डब्यातला माल वेगळा. दह्याच्या डब्यात दहीच असेल असे आपल्या फ्रीजमध्येसुद्धा कोणी गृहीत धरत नाही, मी मात्र इथे धरले.

आणि हे एकच नाही. या इमेजला दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात: खेळाचे व्हर्जन कुठले, आणि प्रकार कुठला, साधा की फोर्जचा. सांगितल्या नाहीत तर ती बिचारी आपल्या मनाने धरते. व्हर्जन न सांगितल्यास सर्वांत नवे, प्रकार न सांगितल्यास साधा. मी परवान्याच्या अटी मान्य आहेत एवढे लिहिले, जुन्या लॅपटॉपवरून वर्ल्डचे फोल्डर आणून ठेवले आणि बटण दाबले. जुना लॅपटॉप लगेच पुसून टाकला, कारण तो कोणाला तरी द्यायचा होता. इंजिनिअर माणसाने नवा पंप चालवून पाहण्याआधी जुना भंगारात काढावा, तसला हा प्रकार!

सर्व्हर सुरू झाला. कुठे लाल अक्षर नाही, कुरकुर नाही. हेच वाईट झाले. एरर आली असती तर मी थांबलो असतो. जावा १७वर खेळाचे तेव्हाचे सर्वांत नवे व्हर्जन, १.२०.४, चालू झाले आणि त्याने १.१२.२ मध्ये बांधलेले जग निमूटपणे उघडले.

आत काय झाले ते सांगतो. १८ जुलै २०१८ रोजी माइनक्राफ्टचे १.१३ आले, त्यात ठोकळे ओळखायची पद्धतच बदलली. आधी प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक होता, नंतर नाव आले. जुने जग नव्या व्हर्जनमध्ये उघडले की ते तुकड्या-तुकड्याने नव्या पद्धतीत लिहिले जाते. खेळाडू जिथे जिथे जाईल तो तो तुकडा बदलतो. मूळ खेळाच्या ठोकळ्यांचे भाषांतर होते. पण मॉडच्या ठोकळ्यांची साध्या खेळाला ओळखच नाही. ज्याची ओळख नाही, त्याच्या जागी हवा. आणि ती हवा मग कायमची फाइलमध्ये लिहिली जाते.

मुलगा खुशीत घरभर फिरला, म्हणजे घरभर हवा लिहिली गेली. मी खाली जाऊन पाहिले. मूळ खेळातल्या दगडाचा चौथरा आणि चार भिंती उभ्या होत्या. कौले नाहीत, दारे नाहीत, झोपाळा नाही, वर नुसते आभाळ. गोठा तर सगळाच मॉडच्या ठोकळ्यांचा, तो पूर्णच गेला. २०१८ साली घर उतरवताना भावाने एक फोटो पाठवला होता. तो अगदी असाच होता.

आटे बसतात, पण गळते

मी घाईने दुसरी चूक केली. प्रकार फोर्ज, व्हर्जन १.१२.२ असे नीट लिहिले, पण लेबल लेटेस्टच ठेवले. आता मात्र सर्व्हर उभाच राहिना. लांबलचक एरर, तिचा सारांश असा की जावाच्या पोटातली एक वस्तू फोर्जला अपेक्षित असलेल्या प्रकारची नाही.

माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. हिंदुस्थानात पाइपाला बी.एस.पी. आटे असतात, अमेरिकेत एन.पी.टी. अर्ध्या इंचाच्या पाइपाला दोन्हीकडे इंचाला चौदाच आटे. हाताने फिरवले तर एकमेकांत जातातसुद्धा. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दाब दिला की गळणार. 'दोन्ही अर्धा इंचच तर आहेत' म्हणून चालत नाही. जावाचे तसेच आहे. माइनक्राफ्टची ही आवृत्ती जावा या भाषेत लिहिलेली आहे, आणि जावाची व्हर्जने बहुतेक वेळा मागच्या प्रोग्रॅमांना सांभाळून घेतात. पण जावा ९ मध्ये आतली मांडणी बदलली, आणि जुने फोर्ज नेमके त्या आतल्या मांडणीवर टेकलेले होते. गंमत अशी की माइनक्राफ्ट १.१२.२ आले १८ सप्टेंबर २०१७ला, आणि जावा ९ आली २१ सप्टेंबरला. तीन दिवसांचा फरक! १.१२.२चे फोर्ज जावा ८च्या जगात वाढलेले. त्याला जावा ८च लागते. 'लेटेस्ट' त्याच्यासाठी कधीच बरोबर असणार नव्हते.

लेबल जावा८ केले आणि सर्व्हर चटकन उभा राहिला. पण आता जुन्या खेळाला नव्या पद्धतीने लिहिलेले तुकडे वाचता येईनात. पुढे नेलेले जग मागे आणता येत नाही. घराच्या जागी ताजी, कोरी टेकडी उगवली होती.

शेवटी पुण्याला फोन लावला. पुतण्याने सांगितले, "काका, दिवाळीच्या आधी मी एक कॉपी घेतली होती. मित्रांना दाखवायला." त्या पोराच्या तोंडात साखर पडो! दीड महिन्यापूर्वीचे घर परत मिळाले. त्यानंतर बांधलेला गोठा आणि विहीर तेवढी गेली.

अण्णांना सांगायचे कसे याचा मी अर्धा दिवस विचार केला. सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, खरा गोठासुद्धा एकदा वादळात उडाला होता. परत बांधलाच ना?"

उलट्या बाजूने सुरुवात

आता जे शिकलो ते सांगतो. आपण निवड करतो ती लेबलापासून, आणि तिथेच चुकतो. सुरुवात सारणापासून करायला हवी. जग कुठले आहे? ते कुठल्या व्हर्जनमध्ये बांधले? त्यात मॉड आहेत का? या उत्तरांवरून खेळाचे व्हर्जन ठरते, खेळाच्या व्हर्जनवरून जावा ठरते, आणि जावावरून इमेजचे लेबल. या क्रमाने गेले तर लेबलापाशी निवडायला काही उरतच नाही, ते आपोआप हातात येते.

त्याआधी एक प्रश्न मुलांना विचारा. खेळ कुठला, जावा एडिशन की बेडरॉक? टॅब्लेट, फोन किंवा टीव्हीला जोडलेल्या गेमच्या खोक्यावर मुले खेळत असतील तर ते बेडरॉक. त्याचा सर्व्हर निराळा, इमेज निराळी, आणि त्यात जावाचा संबंधच नाही. हा प्रश्न न विचारल्यामुळे माझ्या एका स्नेह्यांनी अख्खा शनिवार घालवला.

जावा एडिशन असेल तर हिशेब असा. १.१६.५ पर्यंतचे जुने खेळ, विशेषतः फोर्ज घातलेले, यांना जावा ८. जून २०२१ मध्ये आलेल्या १.१७ला जावा १६. नोव्हेंबर २०२१च्या १.१८पासून १.२०.४ पर्यंत जावा १७. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या १.२०.५पासून आणि पुढच्या १.२१ला जावा २१. हा आकडा पुढेही चढत जाणार, तेव्हा हे पाठ करू नका. नवे व्हर्जन घ्याल तेव्हा त्याला कुठली जावा लागते ते वाचा.

वाचायला विसरलात तरी एक युक्ती आहे. जावा कमी पडली तर एररमध्ये 'क्लास फाइल व्हर्जन' म्हणून दोन आकडे येतात. एक प्रोग्रॅमला हवा असलेला, दुसरा तुमच्या जावाला झेपणारा. आकड्यातून ४४ वजा करा. ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. नातवंडांपुढे मिरवायला ठीक आहे.

ही युक्ती मला कशी कळली? अर्थात दुसऱ्या फजितीतून. मुलाच्या शाळेतल्या मित्रांसाठी मी त्याच संगणकावर आणखी एक साधा सर्व्हर लावून दिला होता. कंटेनरचा खरा फायदा इथे दिसतो. एका पेटीत जावा ८, शेजारच्या पेटीत जावा १७, एकमेकांना धक्का नाही. दाराचे नंबर तेवढे वेगळे द्यायचे. नेहमीचा २५५६५, तर दुसऱ्याला २५५६६. पोळलेला माणूस म्हणून या वेळी मी लेबल जावा१७ असे पक्के लिहिले. पण खेळाचे व्हर्जन लिहायचे राहिले. २३ एप्रिल २०२४ला १.२०.५ आले. त्यानंतर सर्व्हर पुन्हा चालू झाला तेव्हा त्याने इमानेइतबारे नवा खेळ उतरवून घेतला आणि एरर दिली, हवे ६५, आहेत ६१. एक टोक बांधले, दुसरे मोकळे सोडले. बाकी या वेळी दैव बलवत्तर. सर्व्हर उभाच राहिला नाही, म्हणून जगाला हात लागला नाही. मोठ्याने ओरडणारी चूक परवडते, मुकाट्याने होणारी नाही.

म्हणून आता दोन्ही टोके बांधतो. लेबलात जावाचा आकडा, आणि सेटिंगमध्ये खेळाच्या व्हर्जनचा आकडा. मॉड असतील तर प्रकार फोर्ज आणि फोर्जचाही नेमका आकडा. मेमरी इमेज आपण होऊन एक गिगाबाइट धरते. मॉडवाल्या जगाला ती पुरत नाही, आम्ही चार देतो. यादीत 'अल्पाइन' अशी शेपटी असलेली लेबले दिसली तर ती आकाराने लहान असतात, पण त्यांच्या तळाशी असलेली सामग्री नेहमीच्या लिनक्सपेक्षा वेगळी असते आणि काही मॉड तिच्यावर अडखळतात. डिस्कवर जागा असेल तर त्या मोहात पडू नका. कोणाला अगदीच काटेकोर राहायचे असेल तर इमेजच्या प्रकाशनाचा क्रमांक, म्हणजे साल आणि पुढे अनुक्रम, जावाच्या आधी जोडलेली लेबलेही मिळतात. ती सरकत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, सगळे बांधून ठेवले की झाले, परत बघायला नको. तसेही नाही. ९ डिसेंबर २०२१ला 'लॉग४जे' या जावाच्या नोंदवहीतले भोक जगजाहीर झाले, आणि त्याचा पहिला गाजावाजा माइनक्राफ्टमध्येच झाला. खेळातल्या गप्पांच्या खिडकीत कोणी एक विशिष्ट ओळ टाइप केली की समोरच्या सर्व्हरवर आपला प्रोग्रॅम चालवता येत होता! दुसऱ्याच दिवशी मोजँग कंपनीने १.१८.१ काढले, आणि जुन्या व्हर्जनांसाठी वेगळा उपाय दिला. ज्यांनी "चाललंय ना, हात लावू नका" म्हटले त्यांचे दार उघडे राहिले. तेव्हा जावा ८ ठेवायची ती ठेवाच, पण त्या जावा ८लाही वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळत आल्या आहेत, त्या घ्यायला हव्यात. आम्ही गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला हे काम करतो. आधी जगाची कॉपी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची, मग त्याच लेबलाची नवी इमेज मागवायची. दसऱ्याला आपण यंत्रांना हळद-कुंकू लावतोच, त्यात हे एक. आणि सर्व्हरवर कोण येऊ शकतो त्याची नावांची यादी, 'व्हाइटलिस्ट', चालू ठेवायची. आपल्या ओटीवर कोण येतो ते आपल्याला माहीत असलेले बरे.

मित्रांच्या सर्व्हरवर मुलांना नवे व्हर्जन हवेच असते, तो त्यांचा हक्क आहे. तिथे आम्ही खुशाल पुढे जातो, पण कॉपी घेऊन आणि दोन्ही आकडे एकदम बदलून. गावचे घर मात्र १.१२.२वरच राहणार. खोक्यावर मी कागद चिकटवला आहे: खेळ १.१२.२, फोर्जचा आकडा, जावा ८, मॉडची यादी, शेवटची कॉपी कधी. सौ. म्हणाली, "लोणच्याच्या बरणीवर तारीख लिही म्हटलं तर वीस वर्षांत लिहिली नाहीस!"

विहीर

जानेवारीपासून गोठ्याचे काम पुन्हा सुरू झाले. दावणीची जागा या वेळी अण्णांना जास्त नीट आठवली. पहिल्या गोठ्यात गाईंची तोंडे चुकीच्या दिशेला होती म्हणे. मग विहीर. रहाटाची जागा ठरली, पायऱ्या ठरल्या, आणि पाणी किती खाली यावरून गाडे अडले.

मुलगा म्हणाला, "आजोबा, लास्ट टाइम तुम्ही बारा हात सांगितलं होतं. आता सोळा म्हणताय."

मला वाटले, वय झाले, आता विसरायला लागले. पण अण्णा शांतपणे म्हणाले, "दोन्ही बरोबर आहे. पौषात बारा, वैशाखात सोळा. तुला कुठल्या महिन्यातली विहीर हवी ते सांग."

पोरांनी फोनवरच मसलत केली. थोरला भाऊ आणि मी गावाला जायचो ते मे महिन्याच्या सुट्टीत, पोहऱ्याची दोरी पुरायची नाही ते तेव्हाच. मुलांनी वैशाख ठरवला. सोळा हात, म्हणजे आठ ब्लॉक. चिरंजिवांनी खाली जाऊन खोक्यावरच्या कागदावर शेवटी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आहे: "विहीर, वैशाख."